'लर्न्ट' की 'लर्न्ड'? शब्दकोशातली नोंद कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने निबंधात 'आय लर्न्ट' लिहिलं, बाईंनी ते खोडून 'लर्न्ड' केलं, आणि घरी कोश उघडला तर तिथे दोन्ही रूपं. मग बरोबर कोण, आणि कोश एक काय ते ठामपणे का सांगत नाही? शिवाय 'वेंट' सापडतं पण 'वॉक्ड' कुठेच नाही, हे कसं?

आधी उत्तर देतो. मुलगी चुकलेली नाही. अमेरिकेत जवळपास सगळे 'लर्न्ड' लिहितात, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. बर्न, ड्रीम, स्पेल, स्पिल यांचंही तसंच. एकाच लिखाणात एकदा हे आणि एकदा ते असं करू नये, इतकंच पथ्य. फक्त 'विद्वान' या अर्थाचं विशेषण वेगळं. कोर्टात वकील 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणतात, तिथे 'लर्न्ट' कधीच येत नाही.

आता 'वॉक्ड'बद्दल. छापील कोशाला जागा वाचवायची असते, म्हणून सरळ 'ईडी' लागून होणारी रूपं तो देत नाही. नोंदीत भूतकाळाचं रूप दिसलं नाही, तर नेहमीच्या नियमाने करा असा त्याचा अर्थ असतो. हे मुलांना कोणी सांगत नाही, आणि रूप सापडलं नाही की ती कोशच बाजूला ठेवतात. जिथे स्पेलिंगमध्ये अडखळायला होईल तिथे मात्र खूण असते: 'स्टॉप'पुढे दोन 'पी' कंसात छापलेले दिसतील, 'पॅनिक'ला मध्ये 'के' घ्यावा लागतो तेही दिलेलं असेल. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत मागच्या पानांवर अनियमित क्रियापदांची वेगळी यादीही असते. शाळेत व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणून पाठ करून घेतात, तीच.

'वेंट'ला स्वतंत्र नोंद मिळते, कारण ते वर्णानुक्रमात 'गो'पासून फार लांब पडतं. मूळचं ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, 'गो'ने ते उसनं घेतलं. आपल्याकडे 'जाणे'चा भूतकाळ 'गेला' होतो तो असाच. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलं 'गम्'वरून.

खरी अडचण येते ती एकच स्पेलिंग दोन क्रियापदांत येतं तेव्हा. 'ले' घ्या. 'लाय' म्हणजे आडवं होणं: लाय, ले, लेन. 'ले' म्हणजे ठेवणं: ले, लेड, लेड. आणि खोटं बोलणं या अर्थाचं 'लाय' पुन्हा वेगळं: लाय, लाइड, लाइड. 'ही ले ऑन द बेड' आणि 'ही लेड द बुक ऑन द टेबल' दोन्ही बरोबर आहेत, पण क्रियापदं वेगळी. 'फाउंड'चंही तेच. 'फाइंड'चा भूतकाळ तो आहेच, पण संस्था स्थापन करणं या अर्थाचं मूळ क्रियापदही 'फाउंड', आणि त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. म्हणून पहिल्या ओळीवर न थांबता खालच्या नोंदीही वाचाव्यात.

दोन रूपं असतील तेव्हा त्यांच्या मधल्या शब्दाकडे बघा. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशात मध्ये 'ऑर' असेल तर दोन्ही रूपं सारख्या मानाची. 'ऑल्सो' असेल तर दुसरं बरंच कमी वापरातलं. ही पद्धत पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत समजावलेली असते. ती पानं कोणी उघडत नाही, म्हणून निम्मे वाद होतात असं माझं मत आहे. 'यूएस' किंवा 'ब्रिटिश' अशी खूण असेल तर ती प्रांताची, बरोबर-चुकीची नाही. 'गेट'च्या 'गॉटन' या रूपापुढे ती हमखास दिसते. हे रूप इंग्लंडातलं जुनंच, अमेरिकेत टिकलं, इंग्लंडात मागे पडलं. पण तिथेही 'फर्गॉटन' आणि 'इल-गॉटन'मध्ये ते जिवंत आहे.

कधी रूप अर्थाप्रमाणे बदलतं, आणि हे कोशात अर्थाच्या क्रमांकाखाली दिलेलं असतं. चित्र भिंतीवर 'हंग', पण फाशी दिलेला माणूस 'हँग्ड'. सूर्य 'शोन', पण बूट 'शाइन्ड'. वस्तूला शंभर रुपये पडले तर 'कॉस्ट'च, पण प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज काढला तर 'कॉस्टेड'.

आता कोश ठाम का बोलत नाही, ते. कोशकार लोक काय लिहितात ते गोळा करतात, आणि लोकांचं लिहिणं बदलत असतं. 2007मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली होती. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज 98. जे क्रियापद रोज तोंडी असतं ते टिकतं, क्वचित लागणारं 'ईडी'च्या वळणावर जातं. बी, हॅव, डू, गो, से ही सगळी अनियमितच राहिली, कारण ती दिवसभर कानावर पडतात. 'गूगल'सारखं नवं क्रियापद मात्र आल्याबरोबर 'ईडी' लावून घेतं.

'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये 'होल्पन' सापडतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने अशी रूपं शतकवार नोंदली आहेत. हा कोश 1884पासून भागाभागांनी निघाला आणि 1928मध्ये पुरा झाला. त्याच्या जुन्या आवृत्तीत रूपांच्या आधी बारीक आकडे असतात: 4 म्हणजे चौदावं शतक, 6 म्हणजे सोळावं. एकेका क्रियापदाचा प्रवास त्या आकड्यांवर बोट फिरवत वाचता येतो. मला तरी सगळ्या कोशात याहून सुंदर जागा दिसत नाही.

उलटा प्रवासही होतो. 'स्नीक'चा भूतकाळ सरळ 'स्नीक्ड'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत 'स्नक' छापून येऊ लागलं, तेव्हा ते अडाणी बोलीतलं समजत. आज मेरियम-वेब्स्टर दोन्ही रूपं 'ऑर' लावून शेजारी ठेवतो. 'डाइव्ह'चं 'डोव्ह' असंच, 'ड्राइव्ह-ड्रोव्ह'च्या चालीवर. आधी कोशांनी परवानगी दिली आणि मग लोकांनी वापरलं, असं यांत कुठेच झालेलं नाही.

उच्चाराची खूणही वगळू नका. 'रीड'चा भूतकाळ लिहायला तसाच, वाचायला 'रेड'. 'ईट'च्या भूतकाळाचा उच्चार ब्रिटिश कोशांत 'एट'सोबत आखूड 'एट्' असाही दिलेला असतो, आणि तोही शुद्धच आहे.

बाईंशी बोलायचं असेल तर 'लर्न'ची नोंद असलेलं ब्रिटिश कोशाचं पान सोबत न्या आणि शांतपणे दाखवा. आपल्याकडचं शालेय इंग्रजी बहुतेक ब्रिटिश वळणाचं आहे, तेव्हा गुण कापायला आधार नाही. तरी बोर्डाच्या परीक्षेत मुलीला 'लर्न्ड' लिहायला सांगा, ते दोन्हीकडे चालतं. आणि बाईंनी 'हँग्ड'ला 'हंग' केलं असेल, तर आधी वाक्य वाचून बघा.