गावच्या जुन्या वाचनालयाचा इतिहास लिहायचा आहे, पण कागदपत्रं नाहीत. सुरुवात कुठून करू?

तासगाव तालुक्यातलं तुमचं वाचनालय शंभरीला आलंय, स्मरणिका काढायची आहे आणि हाताशी फक्त कोनशिला आहे, असं तुम्ही लिहिलंय. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान वाचनालयाचा कार्यवाह असताना मी हेच काम केलंय. माझं ऐकाल तर कोनशिलेवर विसंबू नका, आधी दाखल नोंदवही शोधा, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदलं जातं ती वही.

कोनशिलेवरचं साल बहुतेकदा इमारतीचं असतं, नाहीतर नामांतराचं. 1920 साली लोकमान्य गेले आणि पुढे कितीतरी वाचनालयांना टिळकांचं नाव लागलं. त्याआधी तीच संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असू शकते. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावरचे शिक्के नीट बघा, जुनी नावं तिथेच सापडतील.

आमची सर्वांत जुनी नोंदवही कडेला वाळवीने खाल्लेली, शाई तपकिरी पडलेली, तारखेचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा. पण किमती रुपये-आणे-पैत, म्हणजे नोंदी 1957 च्या आधीच्या. नवे पैसे त्या वर्षीच्या 1 एप्रिलला आले. खरेदी की देणगी, या रकान्यात मी तासन्तास रमलो. वकील, मामलेदार, शाळामास्तर तर होतेच, पण एक कापडदुकानदार पानामागून पान भेटत राहिला. गावात त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं. स्मरणिकेत अध्यक्षांच्या फोटोंआधी अशी नावं यावीत, असं मला मनापासून वाटतं.

देवघेवीची वही, म्हणजे कुणी कोणतं पुस्तक नेलं त्याची नोंद, मिळाली तर आणखी उत्तम. किर्लोस्करवाडी तुमच्या जवळच. तिथून 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघालं. ते तुमच्याकडे कधी येऊ लागलं आणि वहीत बायकांची नावं कधी दिसू लागली, हे ताडून पाहा. आमच्याकडे बरीच वर्षं सभासद सगळे पुरुषच, पण एका वकिलांच्या खात्यावर ‘स्त्री’चे अंक नेमाने जात होते. घरात ते कोण वाचत असेल, हे वेगळं सांगायला नको.

वह्या नसल्याच, तर सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात न्यास नोंदणीची फाइल मागा. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान मिळत असेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे तपासणी अहवालांची चौकशी करा. आणि हे विसरू नका की तासगाव 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं. मग दक्षिण सातारा झाला, 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुने सरकारी कागद साताऱ्याच्या नावाखाली शोधा. 1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्येही तासगाव आहे. सांगली-मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, त्यांचं दप्तर निराळं.

नोंदवही हाती आली की त्याच दिवशी पानन्पान मोबाइलने टिपून ठेवा. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मग जुन्या ग्रंथपालांना गाठा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. वही समोर ठेवून एकेका नावावर बोट ठेवत विचारा. नुसतं ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणसं उद्घाटनाच्या समारंभापलीकडे जात नाहीत.