व्याह्यांची मल्टिस्टेट

प्रश्न : ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातला शेतकरी, वय ६३. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा आला, त्यातून घराचं काम करून ८ लाख उरलेत. माझे व्याही एका मल्टिस्टेटचं काम बघतात. ते म्हणतात, १३ टक्के देतो, बँकेत ठेवून काय मिळतंय? नाही म्हणावं तर लेक त्या घरात नांदते. काय करू?

उत्तर : भाऊ, ठेवू नका. कारण सांगते.

मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी सहकारी संस्था. केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली नोंदलेली, तिचे निबंधक दिल्लीत. तुमच्या व्याह्यांची संस्था म्हणजे पतसंस्था, बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं. नागरी सहकारी बँकेलाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही, मग तिच्या शाखेत एसी असो की उद्घाटनाला मंत्री आलेले असोत. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हे जाहीर बजावलं होतं. तरी २०२३ पासून बीडला, संभाजीनगरला ठेवीदार पावत्या घेऊन रस्त्यावर उतरलेले आपण पाहिलेच.

मी उदगीरला बँकेच्या काउंटरवर होते तेव्हा दिवाळीच्या आगेमागे आडतीवरचे सोयाबीनचे पैसे दस्तीत बांधून माणसं यायची. पहिला प्रश्न ठरलेला : किती टक्के देता? ‘तुम्ही नाही दिले तर मी कोणाकडं जाऊ?’ असं मात्र कोणी विचारायचं नाही. व्याह्यांना आधी तेच विचारा.

त्यांच्याकडून ठेवीचे कागद नुसते बघायला मागा. वर नाव ठसठशीत, खाली बारीक अक्षरात ‘क्रेडिट को-ऑप. सोसायटी’. सोबत बहुधा ‘नाममात्र सभासद’ होण्याचा एक फॉर्म असेल. ‘इथं सही करा, काही नाही, फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणत तो पुढं सरकवतात. अशा संस्थेनं बाहेरच्यांकडून ठेवी घ्यायच्या नसतात, म्हणून त्या सहीनं तुम्हाला आतलं करून घेतात. आणि गंमत बघा, नाममात्र सभासदाकडून ठेव घेण्यालाही रिझर्व्ह बँकेचा आक्षेप आहेच.

आता हिशेब. ८ लाखांवर १३ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४ हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ६५,६००. दर तीन महिन्यांनी १६,४०० खात्यावर येतील. फरक महिन्याला ३,२०० रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी सगळे ८ लाख पणाला. वयाची साठी झाली की ही योजना घेता येते, सरकारची हमी असते, आणि ज्या दरानं भराल तो पाच वर्षं बदलत नाही. पुढं नवीन ठेवींचा दर उतरला तरी तुमचा तोच. सगळे मात्र तिथं घालू नका. लाखभर बँकेत मुदत ठेवीत असू द्या, दवाखाना सांगून येत नाही. दोन्हीकडं वारस म्हणून वहिनींचं नाव लावा. हे राहून जातं आणि मग पोरं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात.

राहिली लेक. व्याह्यांशी वाद घालायचाच नाही. आधी पोस्टात भरा, मग सांगा : ‘पाहुणे, पैसे पोस्टात अडकले, पाच वर्षं निघत नाहीत.’ हे पुरतं खरं नाही, थोडी कपात सोसून मधेच काढता येतात. पण ते त्यांना कशाला सांगायचं? तरी रेटलंच तर म्हणा, पावतीच्या पाठीमागं जामीन म्हणून तुम्ही सही करा. चहा पिऊन विषय बदलतील.

प्रश्न : मालकांच्या मोबाइलवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली. त्यांनी उघडली आणि खात्यातून १९ हजार गेले. आता काय? (एक वाचक, वसमत)

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत तुम्ही फोन केला असेल अशी आशा आहे. नसेल तर आत्ता १९३० लावा, हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, आणि तोही दुसऱ्या मोबाइलवरून. एपीके म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल. ती मेसेज वाचते, म्हणजे ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. म्हणून त्या मोबाइलचं नेट बंद करा. मग बँकेत कळवून खातं गोठवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. त्या क्रमांकाला म्हणूनच किंमत. मालकांवर चिडू नका. हप्ता अडकल्याच्या काळजीनंच माणूस अशी फाइल उघडतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर शेअरचा ग्रुप आहे. महिन्याला १५ टक्के नक्की म्हणतात. जॉइन होऊ का? (शिक्षक, परभणी)

उत्तर : नको, सर. शेअर बाजारात ‘नक्की’ म्हणायला सेबीची, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मनाई आहे. ग्रुपवाल्याला सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या साइटवर तपासा. पैसे कुठं भरायला सांगतात तेही बघा : ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना यूपीआयचा वेगळा पत्ता मिळालाय, ‘ॲट’च्या चिन्हापुढं ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला. कुण्या ट्रेडर्सच्या किंवा खासगी माणसाच्या खात्यावर टाका म्हणाले, की ग्रुप सोडा.