इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा फोर्क 140 मिमीवरून 160 करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: 140 मिमीचा पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचा हवेवर चालणारा शॉकअप) शेतरस्त्यावर तळाला आपटतो, तर ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची लांबी, 160 करून घेऊ की फोर्कातली नुसती हवा वाढवू?

हवा वाढवा. उत्तर इथंच संपलं असतं. पण याच वादापायी दोन वर्षांपासून मी आणि मोठे भाऊजी एका पंगतीत बसलो की घरातली मंडळी आधीच विषय बदलतात. त्यामुळे जरा लांबणार आहे.

मी अचलपूरकडचा. संत्र्याची बाग गावापासून सात किलोमीटर, त्यातले शेवटचे अडीच पांदणीचे. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर आणि बंड्या जाऊन चाकोऱ्या पडतात, आणि नोव्हेंबरात त्याच वाळून दगड होतात. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली म्हणून पुण्याच्या एका इंजिनिअरकडून सेकंडहँड घेतली: पुढे 140, मागे 140, मधली मोटर 85 न्यूटन-मीटरची, वजन 24 किलो. माझं वजन 88. आंबिया बहाराच्या दिवसांत येताना पाठीवर दहाएक किलो संत्री. तो इंजिनिअर साठ किलोचा असेल, आणि त्याने भरलेल्या हवेवरच मी गाडी हाकत होतो. पांदणीत फोर्क धाडकन आपटायचा.

भाऊजी परतवाड्यात ट्रकच्या कमानीचं काम करतात. त्यांना म्हटलं, 160 करतो. ते म्हणाले, "शॉकअप लांब करून काय होते बे? भार कमी होते काय? पयले भार पाय, मंग हवा पाय." वाक्य सोन्याचं होतं, हे आज कबूल करतो. पण "हवा किती?" विचारल्यावर त्यांनी कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि थेट फोर्कला लावली! व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच, त्यामुळे बसली. फोर्कात हवेची जागा पेलाभर. एका सेकंदात फोर्क पहारीसारखा ताठ झाला. मग खिळ्यानं फुस्स करून थोडी सोडली, हँडल दाबलं आणि म्हणाले, "झालं बराबर." किती झाली ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी पांदणीत असा आपटला की दातावर दात बसले. हवेचा सल्लाच बोगस, असं मी ठरवून टाकलं.

मग 9,000 रुपये गेले. लांब एअर शाफ्ट (फोर्क किती दबेल ते ठरवणारा आतला दांडा), सील, तेल, कुरिअर. आजचे बरेचसे हवेचे फोर्क आतला एअर शाफ्ट बदलून लांब-आखूड करता येतात, काहींत फक्त स्पेसर काढ-घाल करायचे असतात. पूर्ण हवा सोडायची, खालचे बोल्ट ढिले करून रबरी हातोडीनं ठोकायचे, फोर्कचे खालचे पाय ओढून काढायचे, शाफ्ट बदलायचा, नवीन तेल घालून परत बसवायचं. ओसरीवर दोन तासांत झालं. काम अवघड नाही. अवघड पुढे आलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दोन मास्तर मित्रांबरोबर धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला निघालो. सपाटीवर गाडी मस्त. घाट लागला तसं पुढचं चाक भटकायला लागलं. फोर्क 20 मिमीनं लांब झाला की सायकलचं नाक वर जातं, हेड अँगल (हँडलच्या नळीचा कल) साधारण एक अंशानं मागे कलतो, पेडलचा कणा सहा-सात मिमी उचलला जातो आणि सीटही मागे झुकते. म्हणजे चढावर तुमचं वजन मागच्या चाकावर, आणि मोटरचा सगळा जोरही तिथंच. साध्या सायकलवर पायात तेवढा दम नसतो म्हणून हे खपून जातं, मोटरवर नाही. मोथ्याच्या अलीकडे एका वळणावर टर्बोत (मोटरच्या सर्वांत जास्त जोरावर) पेडल मारलं आणि पुढचं चाक चक्क वर आलं. मी बाजूच्या नालीत. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "लागलं का काकाजी?" मला त्या 'काकाजी'चंच जास्त लागलं.

घरी आल्यावर भाऊजी आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "पिशवी घे अन् बस." फोर्कच्या नळीवर रबराचं बारीक कडं असतं, ते खाली सरकवून मी संत्र्यांसकट हळूच बसलो, हळूच उतरलो. त्यांनी पट्टीनं मोजलं: 55 मिमी. नुसतं बसल्यावर 160 पैकी 55 गेले, खड्ड्यासाठी उरले 105. यालाच सॅग म्हणतात, आणि पुढच्या फोर्कचा सॅग 20 टक्क्यांच्या आसपास हवा. जुन्या 140 मध्ये हवा बरोबर असती तर 28 जाऊन 112 उरले असते. म्हणजे 9,000 रुपये घालून मी सात मिलिमीटर कमी विकत घेतले.

तेव्हा शाफ्ट पुन्हा जुना बसवला, शॉक पंप (काटा असलेला छोटा हातपंप) मागवला आणि 20 टक्के सॅग येईपर्यंत हवा भरली. फोर्कच्या पायावर छापलेला तक्ता बहुधा साध्या सायकलच्या हिशेबानं असतो, ई-बाइकला मी त्याहून आठ-दहा पीएसआय जास्त ठेवतो. हवा वाढवली की रिबाउंडही (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) गुंडीनं दोन-तीन क्लिक हळू करायचा, नाहीतर फोर्क उसळतो. एवढ्यावरही शेवटच्या टोकाला आपटत असेल तर वरच्या टोपीत एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला, म्हणजे शेवटी फोर्क कडक होतो. ट्रकचा हेल्पर पट्टा असतो ना, रिकाम्या गाडीत नुसता लटकतो आणि भार आला की मग टेकतो, तसंच. हे भाऊजींना एका वाक्यात समजलं, मला तीन व्हिडिओ लागले.

शॉक पंपाबद्दल एक गोष्ट. हवा भरून काढलात आणि परत लावलात की काटा कमी दाखवतो. गळती नाही, फोर्कातली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते. मी यात एक अख्खी दुपार घालवली.

आणि आपल्या उन्हाचं कुणी सांगत नाही. डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांत 90 पीएसआय भरलेली हवा मेच्या दुपारी 45 अंशांत 103 च्या घरात जाते. हिवाळ्यात मऊ वाटणारी गाडी उन्हाळ्यात दगड होते ती यामुळे. वर्षातून दोनदा तरी मोजा. काळ्या मातीचा फुफाटा नळीवर बसला की सील खातो, फडक्यानं पुसत जा. घासलेट लावू नका. (भाऊजी, वाचत असाल तर हे तुम्हाला.)

मागच्या शॉकचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. तिथं सॅग 25 ते 30 टक्के. मागचा ट्रॅव्हल म्हणजे शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः दबतो ते अंतर) गुणिले फ्रेमचं गुणोत्तर (शॉक एक मिमी दबला की चाक किती मिमी हलतं). 50 मिमी स्ट्रोक आणि गुणोत्तर 2.8 असेल तर 140. शॉकच्या आतला, स्ट्रोक अडवणारा 5 मिमीचा स्पेसर काढला की 154 होतात, पण पूर्ण दबल्यावर टायर फ्रेमला घासला तर? पूर्ण हवा सोडून, गाडी दाबून अंतर पाहिल्याशिवाय हात लावू नका.

160 मुळीच करू नये असं नाही. वजन कमी असेल, सॅग बरोबर असेल, उतारावर खरोखर दगडधोंड्यांत जात असाल आणि फ्रेमची कंपनी तेवढा लांब फोर्क चालतो म्हणत असेल तर करा. कंपनी नाही म्हणत असेल तर वॉरंटी जाईल. आणि हवा सोडल्याशिवाय टोपी उघडू नका, तोंडावर उडेल. हे खरं तर वरच सांगायला हवं होतं.

तुमची गाडी हबमोटरची (मोटर चाकातच) आणि फोर्क स्प्रिंगचा असेल तर वरचं बहुतेक सगळं बाद. वरच्या गुंडीनं फक्त प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) बदलतो, स्प्रिंग कडक होत नाही. फ्रेमची मान सरळ नळीची असेल तर खाली रुंद होणारा नवा फोर्क त्यात बसायचाच नाही. त्या पैशांत रुंद टायर घ्या, त्यात हवा थोडी कमी ठेवा, आणि बाभळीच्या काट्यांसाठी सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) घाला.

आता भाऊजींचं. ते प्रत्येक लग्नात सांगतात, "मी सांगतलं होतं, यानं आयकलं नाई." अर्धं खरं. भार पाहा म्हणाले ते बरोबर, पण कॉम्प्रेसर कुणी लावला? त्या दिवशी आकडा मोजून हवा भरली असती तर मी शाफ्ट मागवलाच नसता. माझ्या हिशेबानं 9,000 पैकी 4,500 त्यांच्याकडे निघतात. ते मानत नाहीत.

तुमचा फोर्क कोणता ते तुम्ही लिहिलंच नाही. 160 चा शाफ्ट माझ्याकडे पेपरात गुंडाळून पडला आहे. बसत असेल तर निम्म्या किमतीत देईन, पण आधी पाठीवरच्या सामानासकट सॅग मोजून आकडा कळवा.