फ्रेममधला फॉर्म हाती लागत नसेल तर आधी डॉक्युमेंट कुणाचं ते बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. विंडोज फॉर्म्सच्या (डॉटनेटमधल्या खिडक्यांच्या) प्रोग्रॅममध्ये वेबब्राउझर कंट्रोल, म्हणजे आत वेबपान दाखवणारी चौकट, आहे आणि त्यात लॉगिनचं पान उघडतं. युजरनेमची चौकट समोर दिसतेय, तरी आयडीवरून ती शोधणारं गेट-एलिमेंट-बाय-आयडी नल, म्हणजे 'काही सापडलं नाही', देतं. शेजारच्या दुसऱ्या फ्रेमला हात लावला की 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जायची नाहीत.

आधी नलचं बघू. फ्रेम हा पानाचा तुकडा नसतो, ते आपल्या जागी एक पूर्ण पान असतं. बाहेरच्या फ्रेमसेटचा, म्हणजे फ्रेम मांडणाऱ्या पानाचा, सोर्स उघडलात तर दोन-तीन फ्रेम टॅग आणि त्यांचे पत्ते याखेरीज त्यात फारसं काही सापडणार नाही. तुम्ही शोधताय त्या रिकाम्या सांगाड्यात. वरच्या डॉक्युमेंटमधून (म्हणजे कोडला दिसणाऱ्या पानातून) विंडो घ्या, विंडोतून फ्रेम्स, त्यातून हवी ती फ्रेम, आणि मग त्या फ्रेमचं डॉक्युमेंट. शोध तिथे. फ्रेमच्या पोटात फ्रेम असेल तर हाच फेरा पुन्हा. फ्रेम शक्यतो नावाने मागा. क्रमांकावर विसंबलात आणि उद्या पानात एखादी लपलेली आयफ्रेम (पानाच्या मधेच बसवलेली फ्रेम) वाढली, की सगळे क्रमांक सरकतात.

असं पान हातात आलं की मी आधी एक छोटं रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन चालवतो. ते प्रत्येक फ्रेमचं नाव, पत्ता आणि फॉर्मची संख्या छापतं. प्रत्येक फ्रेमला वेगळा ट्राय-कॅच (चूक झेलणारा कोड), म्हणजे एक फ्रेम रुसली तरी बाकीच्या दिसतात. मागे एका पानाने मला असं दाखवलं: सगळ्यात वर ० फॉर्म, 'टॉप'मध्ये १, 'मेन'मध्ये ०, आणि 'मेन'च्या आतल्या 'कंटेंट'मध्ये १. 'टॉप'मधला फॉर्म शोधपट्टीचा निघाला, आणि मी अर्धा दिवस त्यातच पासवर्ड भरू बघत होतो.

आता वेळेचा घोळ, जो मला जास्त छळतो. डॉक्युमेंट-कम्प्लीटेड ही पान उतरल्याचं कळवणारी घटना पानामागे एकदा येत नाही, फ्रेमागणिक येते. आतल्या फ्रेम आधी येतात, बाहेरचं पान शेवटी. पहिल्याच घटनेला फॉर्म भरायला धावलात तर कधी फ्रेम तयार असते, कधी नसते. माझा एक प्रोग्रॅम ब्रेकपॉइंट (कोड मधेच थांबवणारी खूण) लावला की बिनचूक चालायचा आणि काढला की पडायचा. ब्रेकपॉइंटने वेळेचं गणित बदलायचं, दुसरं काही नाही. यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे घटनेसोबत आलेला पत्ता कंट्रोलच्या पत्त्याशी ताडून बघणं. पहिल्या लोडला तो चालतो. पण फ्रेमच्या आतला फॉर्म सबमिट झाला की फक्त ती फ्रेम पुढे जाते, बाहेरचा पत्ता आहे तोच राहतो. मग ती तुलना खरी होत नाही आणि प्रोग्रॅम वाट बघत बसतो. म्हणून लॉगिननंतरच्या पायऱ्यांसाठी हव्या त्या फ्रेमच्याच पत्त्याची वाट बघा, आणि तो आल्यावर अपेक्षित एलिमेंट खरंच आहे का तेही तपासा. थ्रेड-स्लीप (प्रोग्रॅम काही वेळ थांबवणारी ओळ) मात्र घालू नका. कंट्रोल त्याच यूआय (खिडकी चालवणाऱ्या) थ्रेडवर चालतो, तुम्ही झोपलात की तोही झोपतो.

'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतो कारण ती फ्रेम दुसऱ्या डोमेनवरून आलीय. सबडोमेन वेगळं असलं, किंवा बाहेर एचटीटीपीएस आणि आत साधं एचटीटीपी असलं, तरी ते परकंच. पानातल्या स्क्रिप्टला जी भिंत आडवी येते तीच कंट्रोलभोवतीच्या डॉटनेटच्या रॅपरलाही (वेष्टणालाही) येते. यातून वाट आहे, पण ती कॉमच्या (विंडोजच्या जुन्या घटक-यंत्रणेच्या) थरातून जाते: फ्रेमच्या विंडोचा एचटीएमएल-विंडो-२ इंटरफेस घ्या, तो सर्व्हिस-प्रोव्हायडरमध्ये कास्ट करा आणि क्वेरी-सर्व्हिसने वेबब्राउझर-२ मागा. त्याचं डॉक्युमेंट विनातक्रार मिळतं. कोड दिसायला ओंगळ आहे, पण मी तो बरीच वर्षं वापरलाय. त्याहून सोपी सोय म्हणजे त्या फ्रेमचा पत्ता थेट कंट्रोलमध्ये उघडणं. भिंतच उरत नाही. काही पानं मात्र फ्रेमबाहेर उघडायला नकार देतात किंवा बाहेरच्या पानाकडून काही माहिती मागतात, तिथे हे जमत नाही.

फॉर्म सापडल्यावरही दोन-तीन खड्डे आहेत. व्हॅल्यू कोडने भरली की ऑनचेंज (व्हॅल्यू बदलल्याची घटना) आपोआप होत नाही. राज्य निवडल्यावर जिल्ह्यांची यादी भरणारी ड्रॉपडाउन असेल तर व्हॅल्यू ठेवून रेझ-इव्हेंटने ऑनचेंज स्वतः उडवा. फॉर्मचं सबमिट थेट बोलावलंत तर ऑनसबमिटमधली (फॉर्म पाठवण्याआधीची) तपासणी चालत नाही, लपलेली फील्ड्स रिकामी जातात आणि सर्व्हर तुम्हाला पुन्हा लॉगिनवर आणून सोडतो. त्यापेक्षा इन्व्होक-मेंबरने बटणावर क्लिक करा. बटणाचं नावच 'सबमिट' असेल तर फॉर्मचं सबमिट फंक्शन त्या नावाखाली झाकलं जातं. ही गंमत कळेपर्यंत डोकं फिरतं. चेकबॉक्सलाही क्लिकच बरा. फाइल निवडायच्या चौकटीत मात्र पत्ता कोडने भरताच येत नाही, सुरक्षेसाठी ती सोय मुद्दाम बंद ठेवलीय.

पान मोडकंतोडकं दिसत असेल तर आणखी एक गोष्ट: हा कंट्रोल मुळात इंटरनेट एक्सप्लोरर ७ च्या वळणाने चालतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) फीचर-ब्राउझर-एम्युलेशनखाली तुमच्या एक्झीच्या (प्रोग्रॅमच्या फाइलच्या) नावाने ११००१ लिहिलंत की तो ११ च्या वळणावर येतो. जुन्या व्हिज्युअल स्टुडिओतून डीबग करताना चालणाऱ्या एक्झीच्या नावात 'व्हीएसहोस्ट' असतं, त्या नावाचीही नोंद करा. नाहीतर बाहेर चालतं आणि डीबगमध्ये नाही.

नवीन काम असेल तर मी यात पडणारच नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर जून २०२२ मध्ये संपला, आणि आजची बरीच पानं त्या इंजिनात उघडतच नाहीत. वेबव्ह्यू-२, म्हणजे एजच्या इंजिनावरचा नवा कंट्रोल, घ्या. पण डॉक्युमेंटचा प्रश्न तिथेही सुटत नाही, फक्त रूप बदलतं. स्क्रिप्ट चालवणारं एक्झिक्युट-स्क्रिप्ट-असिंक मुख्य पानातच चालतं. फ्रेमसाठी फ्रेम-क्रिएटेड ही घटना पान उघडण्याआधीच लावून ठेवा, तिच्यातून मिळणारा फ्रेम ऑब्जेक्ट जपा आणि स्क्रिप्ट त्याच्यावर चालवा. परक्या डोमेनच्या फ्रेमलाही हे चालतं, कॉमची ती कसरत लागत नाही. उत्तर जेसनमध्ये (माहिती मजकुरात लिहायच्या एका पद्धतीत) येतं, म्हणजे साधी स्ट्रिंगसुद्धा अवतरणचिन्हांसकट. ती न सोलता तुलना केलीत तर जुळणार नाही. आणि पान रिअ‍ॅक्टचं (जावास्क्रिप्टच्या त्या नावाच्या लायब्ररीवर बांधलेलं) असेल तर नुसती व्हॅल्यू ठेवून भागत नाही: इनपुट एलिमेंटच्या प्रोटोटाइपवरचा मूळ सेटर (व्हॅल्यू ठेवणारं फंक्शन) वापरा, मग बबल होणारा (वरच्या एलिमेंटांपर्यंत पोचणारा) इनपुट इव्हेंट पाठवा. नाहीतर चौकटीत नाव दिसतं आणि सर्व्हरकडे रिकामं जातं.

सध्या जुन्या कंट्रोलवरच राहायचं असेल तर ते फ्रेम छापणारं फंक्शन चालवून त्याचा आउटपुट इथे टाका. पत्त्यांमधले सेशन आयडी तेवढे खोडा.