चित्राचा अर्थ सांगायची घाई करू नकोस

पहिलं प्रदर्शन लागतंय म्हणालीस, म्हणून सांगते. कुणी “यात काय दाखवलंय?” विचारलं की लगेच समजवायला लागू नकोस. “तुम्हाला काय दिसतंय?” एवढंच विचार आणि गप्प राहा. ते गप्प राहणंच अवघड जातं.

माझ्या एका चित्रात खाली गेरूचा रुंद पट्टा होता, त्यावर चुन्यासारखे पांढरे ओरखडे. माझ्या डोक्यात पावसाआधीचं आभाळ. एक आजी बराच वेळ समोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या माहेरची भिंत आहे ही, पोपडे निघालेली.” मी आभाळाचं बोललेच नाही. आता मलाही तिथे ती भिंत दिसते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं बघ. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) ते रंगाचे थर द्यायचे, पुसायचे, पुन्हा द्यायचे. ‘अमूर्त’पेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, हा शब्द त्यांना जवळचा. कितीतरी चित्रांना नावच नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, त्यातही अशी कितीतरी चित्रं होती.

शीर्षकं देताना म्हणूनच जपून. ‘विरह’ लिहिलंस की बघणारा विरहच शोधत बसेल. माध्यम, आकार, वर्ष पुरे.

कुणी फारच आस्थेनं विचारलं तर चित्र कसं केलंस ते सांग, कुठला रंग आधी लावला, कुठे खरवडलं. आणि एक छोटी वही जवळ ठेव. लोक जे बोलतात ते त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शब्दांत लिहून काढ.