वाचक विचारतात : चिल्काला निघण्यापूर्वी

नौदलात अग्निवीर म्हणून निवड झालेल्या, किंवा यादीकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींची बरीच पत्रं साठली होती. त्यातली बहुतेक नाशिक, सिन्नर, ओझर, दिंडोरी या पट्ट्यातली. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर नौदलाच्या अग्निवीरांचं सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या आयएनएस चिल्का या तळावर होतं. ते १६ आठवड्यांचं असतं.

मी रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर पाच-सहा किलोमीटर पळतो. तरी १६०० मीटरला सात मिनिटं लागतातच. शिवाय पंधरा दिवसांपासून दोन्ही नडग्या ठणकतात. सराव वाढवू का?
*एक वाचक, नाशिक*

वाढवू नका, बदला. भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांसाठी १.६ किलोमीटरला साडेसहा मिनिटं आहेत, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ९७ सेकंदांत. रोज सहा किलोमीटर रमतगमत पळणाऱ्याला सहा किलोमीटर रमतगमत पळायची सवय लागते, वेग येत नाही. आठवड्यातले दोन दिवस वेगासाठी ठेवा. सुरुवातीला ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक १०० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. हे अंगवळणी पडलं की सहा फेऱ्या, प्रत्येक ९५ सेकंदांत. नंतर ८०० मीटरच्या तीन फेऱ्या, प्रत्येक तीन मिनिटं दहा सेकंदांत. एक दिवस सावकाश लांब पळा, उरलेले दिवस व्यायाम आणि विश्रांती. पूर्ण १६०० मीटरची वेळ दहा दिवसांतून एकदाच लावा. रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नाही.

बहुतेकांचं गणित पहिल्याच फेरीत बिघडतं. सगळे सुसाट सुटतात म्हणून आपणही ८० सेकंदांत फेरी मारतो, मग तिसऱ्या फेरीला पाय शिशाचे होतात आणि ती ११० वर जाते. पहिली फेरी ९६-९७ वर धरा, तेव्हा मागे पडल्यासारखं वाटेल, वाटू द्या. तिसरीत ताकद लावा, कारण वेळ तिथेच गळते. चौथी कशीही निघते.

अंतर मोबाइलवर मोजत असाल तर तेही तपासा. छोट्या गोल मार्गावर मोबाइलची मोजणी वळणांवर चुकते. प्रमाणित ४०० मीटरच्या धावपट्टीवरही आतली पहिली रांगच ४०० मीटरची असते. चौथ्या रांगेतून चार फेऱ्या मारल्या तर जवळपास ९० मीटर जास्त पळणं होतं. तुमच्या सात मिनिटांतली वीस-बावीस सेकंदं कदाचित तिथेच आहेत.

आता नडगी. हे दुखणं बहुधा तीन गोष्टींतून येतं: अचानक वाढवलेलं अंतर, डांबर-काँक्रीटवरचं पळणं आणि तळ झिजलेले बूट. आठ-दहा दिवस पळणं पूर्ण बंद ठेवा. दम टिकवायला सायकल चालवा किंवा पोहा. दुखऱ्या भागावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. दुखणं उतरलं की पायरीच्या कडेवर चवडे टेकून उभं राहायचं, टाचा वर उचलायच्या आणि सावकाश, तीन मोजत खाली सोडायच्या. असं १५ वेळा, तीन फेऱ्या. मग टाचांवर ३० पावलं चालायचं. परत पळायला लागाल तेव्हा मातीवर, आधीच्या निम्म्या अंतराने.

एक फरक मात्र ओळखायलाच हवा. नडगीच्या बऱ्याच लांबीवर ठणका असेल तर तो वरच्या उपायांनी जातो. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ या भरवशावर पळू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चिल्काला परेडच्या मैदानावर टाच आपटून कवायत करावी लागते. दुखरी नडगी घेऊन गेलेला मुलगा तिथे पळण्याने नाही, कवायतीने आडवा होतो. फार दिवस बुडाले तर मागच्या तुकडीत टाकलं जाऊ शकतं.

मला विहिरीत पोहता येतं. लहानपणी पाठीला डबा बांधून शिकलोय. तेवढं पुरेल ना?
*एक वाचक, ओझर*

पाण्याची भीती गेलेली आहे, हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र वेगळंच आहे. विहिरीत पोहणारा डोकं सतत वर ठेवतो, त्यामुळे कंबर आणि पाय खाली जातात आणि तो पुढे सरकण्यापेक्षा वर राहण्यातच दमतो. पंधरा-वीस हातांवर काठ असतो म्हणून हे कळत नाही. पन्नास मीटरच्या तलावात मध्यावर येताच कळतं.

तीन गोष्टी शिकून जा. पहिली, तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने श्वास सोडणं आणि मान वळवून घेणं. हे कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून शिकायचं. दुसरी, हात-पाय न झाडता तरंगत राहणं. पाठीवर पडून कान पाण्यात, हनुवटी वर, छातीत हवा भरलेली. मान उचलली की पाय बुडतात. तिसरी, उंचावरून उडी. नजर समोर, पाय जुळलेले, हात छातीशी. खाली वाकून पाहिलं की शरीर पुढे कलतं आणि पोट किंवा तोंड पाण्यावर आपटतं.

त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव यासाठी सोयीचा. दीड-दोन महिने नेमाने गेलात तर ५० मीटर निघतात. गंगापूर धरणात किंवा सोमेश्वरला सराव करू नका. तिथे पट्टीचे पोहणारेही बुडाले आहेत. अजिबात न येणाऱ्यांनाही प्रशिक्षणात शिकवतात, पण इतर मुलं दिवसाची कवायत झाल्यावर पाठ टेकतात तेव्हा तुम्ही पाण्यात असाल.

मुलाचं सामान भरते आहे. काय द्यावं? त्याला दोन्ही वेळा भाकरी लागते, भात फारसा खात नाही.
*एक आई, सिन्नर तालुका*

ताई, बोलावण्याच्या पत्रासोबत सामानाची यादी येते. तीच प्रमाण माना, तिच्याबाहेरचं ओझं नको. गणवेश आणि बूट तिथेच मिळतात. घरून द्यायच्या गोष्टींपैकी सुती आतले कपडे आणि सुती मोजे जरा जास्तच द्या. प्रत्येकी सहा-सात तरी हवेत, कारण दमट हवेत धुतलेलं लवकर वाळत नाही. दोन किल्ल्यांचं चांगलं कुलूप, सुई, पांढरा-काळा दोरा, बटणं, कपड्यांचे चिमटे आणि न पुसला जाणारा मार्कर पेन. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूला नाव घालूनच पाठवा. शेकडो पोरांचे एकसारखे पांढरे बनियन एका दोरीवर असतात. लाडू-चिवडा प्रवासापुरताच. सोन्याची साखळी, अंगठी घरीच राहू द्या.

भाकरीचं म्हणाल तर निघण्याआधी महिनाभर त्याला एका वेळी भात-डाळ-भाजी वाढत जा, आणि ताट दहा-बारा मिनिटांत संपवायची सवय लावा. लाडकोड म्हणून वेगळं काही करू नका. त्याहून मोठं काम पुढे आहे: त्याचे कपडे त्यालाच धुऊ द्या, इस्त्री करू द्या, बूट चमकवू द्या. आधी ब्रशने धूळ काढायची, पॉलिशचा पातळ थर द्यायचा, दहा मिनिटं वाळू द्यायचा, मग ब्रश. शेवटी ओलसर कापसाने अगदी थोडं पॉलिश घेऊन टोकावर छोटी गोल वळणं. जाड थर दिला तर चमक येत नाही, पापुद्रा येतो. घरात हे न केलेली मुलं तिथे मध्यरात्रीपर्यंत बूट घासत बसतात आणि पहाटे उठायला लागतं म्हणून झोप गमावतात. मुलं खचतात ती बहुतेक अपुऱ्या झोपेने.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत किरकोळ कारणांनी मुलं बाद होतात म्हणे. काय काळजी घ्यावी?
*दोन वाचक, दिंडोरी आणि नाशिकरोड*

कानातला मळ आणि दातांवरचा थर आधी काढून या, असं भरतीच्या सूचनांमध्येच असतं. पडदा दिसला नाही तर डॉक्टर कान तपासणार कसा? कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आठ-दहा दिवस आधी जा, मळ कडक असेल तर आधी तीन-चार दिवस थेंब घालावे लागतात. पिन, काडी, रस्त्यावरचा कान साफ करणारा, यातलं काहीही नको. पडद्याला इजा झाली तर मळाचा प्रश्न फार मोठा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट मुलं लाजून लपवतात: जांघेतलं गजकर्ण. औषधाच्या दुकानातून ‘खाज लगेच थांबते’ म्हणून जे मलम मिळतं त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि मलम बंद केलं की दुप्पट उसळते. त्वचारोगतज्ज्ञांकडून इलाज सुरू करा आणि डाग दिसेनासे झाले तरी त्यांनी सांगितलेली मुदत पुरी करा. चिल्काची हवा नाशिकसारखी कोरडी नाही. घाम अंगावरच राहतो, म्हणून अर्धवट बरी झालेली बुरशी तिथे पहिल्या पंधरवड्यातच परत येते.

गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावर नाव गोंदवायचा विचार असेल तर सोडा.

मुलींना निकष वेगळे आहेत का? पुशअप्स काही केल्या जमत नाहीत.
*एक वाचक, नाशिकरोड*

हो. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे मुलींना १.६ किलोमीटरसाठी आठ मिनिटं, १५ उठाबशा, १० पुशअप्स आणि गुडघे दुमडून १० सिटअप्स. मुलांना हेच आकडे २०, १५ आणि १५. तुमच्या तुकडीची जाहिरात मात्र स्वतः वाचा. चिल्काची पहिली अग्निवीर तुकडी २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली, तिच्यात मुली होत्याच.

पुशअप्स जमिनीवरून सुरू करू नका आणि गुडघे टेकूनही फार दिवस काढू नका, त्यात कंबर सरळ धरायची सवय लागत नाही. ओट्याएवढ्या उंचीवर हात ठेवून सुरुवात करा. सलग १२ झाले की खाट, मग पायरी, मग जमीन. प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे धरा. छाती पूर्ण खाली गेली नाही किंवा कंबर लोंबली तर ती मोजत नाहीत. अठरा अर्धवट काढण्यापेक्षा दहा पूर्ण काढा.

एकदा हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर सराव कितीही करा, दम लागतच राहणार. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू चालतं.

आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेत नाव वेगवेगळं आहे. अडचण येईल?
*एक वाचक, इगतपुरी*

आडनाव आधी की नंतर, एवढाच फरक असेल तर आपल्याकडे तो घरोघरी आहे. स्पेलिंग, वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर मात्र आजच हालचाल करा. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या, ते सोपं. चूक गुणपत्रिकेतच असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज जातो आणि त्याला वेळ लागतो. अधिवासाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला सेतूतून वेळेवर काढा. अविवाहित असल्याचा दाखला आणि पोलिस पडताळणी, दोन्ही बोलावण्याच्या पत्रात दिलेल्या नमुन्यातच हवीत. सरपंचांच्या लेटरहेडवर आपल्या मनाने लिहून आणलेला मजकूर परत येतो.

पहिल्या वर्षी हातात नेमकं किती येतं?
*एक वडील, नाशिक*

महिना ३०,००० पैकी २१,०००. उरलेले ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जमा होतात, आणि तेवढीच भर सरकार घालतं. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढच्या सेवेसाठी निवडले जातात. कर्ज काढून बुलेट घेण्याआधी हा आकडा मुलाला दाखवा.

चिल्काच्या दमट हवेची तयारी इथे कशी करायची? आणि जायचं कसं?
*एक वाचक, सिन्नर*

हवा इथे आणता येत नाही, पण शरीराला उष्णता सोसायला शिकवता येतं. त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. निघण्याआधीचे दोन-तीन आठवडे पहाटेऐवजी सकाळी साडेनऊ-दहाला सराव करा. पहिल्या दिवशी २० मिनिटं, मग दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत जा. एप्रिल-मे असेल तर नऊच्या आत आटपा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय समजा. खूप घाम गेला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गरगरलं, मळमळलं किंवा घाम अचानक थांबून अंग तापलं तर थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता. तिथेही हे लपवू नका, प्रशिक्षकाला लगेच सांगा. आणि रविवारच्या सरावाआधी तर्रीदार मिसळ नको, नंतर खुशाल खा.

बोलावण्याचं पत्र हातात पडताच प्रवासाचं तिकीट काढा. मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस नाशिकरोडवरून जात नाही. ती पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम अशी जाते, म्हणून आपल्याला कल्याणला जाऊन बसावं लागतं. हजर व्हायच्या तारखेच्या एक दिवस आधी पोचेल असा बेत ठेवा. मूळ कागद पेटीत भरून बाकाखाली ढकलू नका, गळ्यातल्या पिशवीत ठेवा. दोन संच झेरॉक्स पेटीत, आणि सगळ्यांचे फोटो काढून घरच्यांच्या मोबाइलवर.