पाचच्या पुढे पाय का अडतात?

“पाच किलोमीटर सहज होतात. सहावाही रेटून होतो. साडेसहाला मात्र मी संपते. तीन रविवार हेच चाललंय. माझ्यात जिद्दच नाही का?”

साताऱ्यातल्या ३८ वर्षांच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. ओळखीच्या खुणा इथे वगळल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, धावायचे त्यांच्या मनात होते. नोव्हेंबरात त्या भेटल्या तेव्हा ते स्वप्न जवळजवळ सोडूनच दिले होते. तिसऱ्या रविवारी त्या रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून रडल्या होत्या.

नव्याने धावू लागलेली बरीच माणसे याच टप्प्यावर अडतात आणि दोष मनाला देतात. म्हणून आधी मन बाजूला ठेवून त्यांची महिन्याभराची नोंद पाहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच-पाच किलोमीटर, आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा दोन सेकंद तरी कमी करायची धडपड. वेळ साधारण ३१ मिनिटे, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे १२ सेकंद. रविवारी त्याच वेगाने एकदम आठ किलोमीटर काढायचे ठरवलेले. प्रश्नाचे अर्धे उत्तर या चार ओळींत होते. त्यांच्यासाठी ६:१२ हा शर्यतीचा वेग होता आणि त्या आठवड्यातून चार वेळा शर्यत धावत होत्या.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. धावता धावता पंधराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘पंधरा एके पंधरा’पासून ‘पंधरा दाहे दीडशे’पर्यंत मध्ये धाप न लागता गेले तर वेग बरोबर. तीन-चार ओळींत श्वास तुटला, तर तो लांब अंतराचा वेग नाही. ताईंचा श्वास ‘पंधरा त्रिक’लाच तुटला. अडखळायचे थांबले तेव्हा किलोमीटरला साडेसात मिनिटे लागत होती.

याच वेगाने धावायचे आणि मध्ये ठरवून चालायचे, असे सांगितले तेव्हा खरी अडचण पुढे आली. “इतकं हळू? आणि मध्ये चालायचं? शाहू स्टेडियमवर मुलांचे पालक असतात. मॅडम थकल्या म्हणतील.” ही लाज खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. धावण्याच्या गटात रोज वेगाचे आकडे पडत असतील तर ती आणखी वाढते. त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलणे याच मुद्द्यावर झाले. दमून चालणे आणि ठरवून चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमल्यावर चालू लागलात तर शरीर आधीच कोलमडलेले असते, पुन्हा पळणे जड जाते. पहिल्या मिनिटापासून ४ मिनिटे धावणे, १ मिनिट झपझप चालणे असे ठेवले तर पायांवरचा भार साठायच्या आत उतरत राहतो. चालायची पहिली वेळ चौथ्या मिनिटाला येते, तेव्हा दम लागलेलाही नसतो. नेमके तेव्हाच चालायचे. तीन आठवडे फोन कमरेच्या पाकिटात ठेवायचा आणि गटात आकडे टाकायचे नाहीत, एवढे त्यांनी कबूल केले.

दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: उजव्या नडगीची आतली कड दुखते, धावायला लागल्यावर कमी होते. दाबून पाहिले तर दुखरा भाग वीतभर पसरलेला होता. हा बहुधा भार वाढल्याचा ताण असतो. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी हाड दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणे बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचे. हाडाला बारीक तडा असू शकतो.

असे होते कारण दम आधी वाढतो, हाड मागून येते. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सरावतात. हाडावर नवा भार आला की आधी जुना भाग झिजवला जातो, मग नवा भरला जातो, आणि त्याला महिने लागतात. मधल्या काळात हाड थोडे कच्चे असते. दम आहे म्हणून अंतर वाढवणारा माणूस नेमका याच काळात सापडतो.

तिसरे कारण ताटातले. शनिवारी मारुतीचा उपवास, दिवसभर चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी, रविवारी पहाटे रिकाम्या पोटी लांब धाव. यकृतातला साखरेचा साठा रात्रीत तसाही उतरतो, दिवसभराच्या उपवासाने आणखीच. उपवास सोडायला सांगितले नाही. संध्याकाळी तो सोडताना पोटभर वरणभात, भाजी, पोळी आणि पहाटे निघण्याआधी अर्धा तास एक केळे व दोन खजूर, एवढाच बदल केला. हिमोग्लोबिन तपासले, १२.४ निघाले. १२च्या खाली असते तर आधी डॉक्टर, मग अंतर.

पहिले तीन आठवडे एकूण अंतर २० किलोमीटरच ठेवले, फक्त वाटणी बदलली: ४, ५, ४ आणि रविवारी ७. पहिल्याच रविवारी सात पूर्ण झाले, ५६ मिनिटांत. मग वाढवायचा तो फक्त रविवार. चौथ्या आठवड्यात ८, पाचव्यात ९, सहाव्यात मुद्दाम ६. पुढे ९, १०, ११, दहाव्या आठवड्यात ७ आणि अकराव्यात १२. मधले हलके रविवार गाळायचे नाहीत, हाडाला भरून यायला तेव्हाच उसंत मिळते. दिवसाआड पायरीच्या कडेवर टाचा उचलण्याचे १५चे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि किंचित वाकवून, खाली येताना तीन अंक मोजत. नडगीचे दुखणे पाचव्या आठवड्यानंतर जाणवेनासे झाले.

आठव्या आठवड्यात दहा झाल्यावर त्यांनी विचारले, “आता यवतेश्वरचा घाट?” या शर्यतीत आधी घाट चढायचा असतो आणि मग तोच उतरायचा. चढाला दम लागतो, पण मांड्या मोडतात उताराला, कारण तिथे प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असताना भार पेलतो. म्हणून मार्चपासून दोन आठवड्यांतून एकदा घाट ठेवला आहे, तोही मधल्या वारी, ३ किलोमीटर वर आणि ३ खाली. चढ तीव्र झाला की चालायचे, उताराला पावले आखूड. एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत निघायचे आणि उन्हाने वेग पडला तर पडू द्यायचा. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सर्वांत लांब धाव १७ ते १८ किलोमीटर. सरावात २१ पूर्ण करायची गरज नाही.

येता रविवार हलका आहे, त्यांचे अंतर ८. नऊ करू का, असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर आठच दिले.